गुन्हा कोण ठरवतो?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक आहे; इतिहास आणि नागरिकशास्त्र हे माझे विषय. मी वकील नाही आणि पोलीस खात्याशीही माझा संबंध नाही. तरीही ‘समाज गुन्हा कसा ठरवतो’ हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. हा प्रश्न कोर्टकचेरीत सुटतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात घराच्या ओट्यावर आणि शाळेच्या बाकावर होते, म्हणून तो पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

आपण म्हणाल, यात समजून घेण्यासारखे काय आहे? चोरी हा गुन्हा, मारामारी हा गुन्हा, खून हा गुन्हा. हे तर लहान मुलालाही कळते. खरे आहे. पण जरा खोलात शिरले की प्रश्न दिसतो तेवढा सोपा राहत नाही.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. कायद्याने ज्याला मनाई केली आहे आणि जे केल्यास सरकार शिक्षा करते, तो गुन्हा. आणि समाजाच्या रीतीभातीला सोडून जे वागणे असते, त्याला समाजशास्त्रात ‘विचलन’ असा शब्द आहे. साध्या भाषेत सांगायचे तर ‘वळण सोडून वागणे’. विचलनाला शिक्षा देण्यासाठी न्यायाधीश लागत नाही. शेजारी बोलणे टाकतात, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मुलीला स्थळ मिळत नाही, चारचौघांत टोमणे ऐकावे लागतात. ही शिक्षा कित्येकदा तुरुंगापेक्षा जड असते.

आता गंमत अशी की, या दोन यादी एकमेकींशी जुळत नाहीत. हुंड्याचे उदाहरण घ्या. हुंडा देणे-घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला. पण हुंडा घेणाऱ्या घराकडे समाज गुन्हेगाराचे घर म्हणून पाहतो काय? उलट ‘मुलाला काय काय मिळाले’ याची चर्चा कौतुकाने होते. आणि जो बाप हुंडा द्यायला नकार देतो, त्यालाच विक्षिप्त ठरवले जाते. दुसरे उदाहरण आपल्या परीक्षांचे. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. तरीसुद्धा परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या पुरवणारे मोठे भाऊ आणि काका-मामा आपण पाहतो. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. वर्गातून पेन्सिल उचलणारा मुलगा चोर, आणि दुसऱ्याचे गुण उचलणारा मात्र हुशार! कायदा एक सांगतो आणि ओटा दुसरेच सांगतो. मूल बहुतेक वेळा ओट्याचे ऐकते.

याच्या उलट बाजूही पाहा. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. मुलींना शिकवू नये असा सरकारचा कोणताही कायदा नव्हता. तरी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल टाकण्यात आला, आणि १८४९ मध्ये त्या दोघांना जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. त्यांच्या या कामात सोबत असलेल्या फातिमाचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात आले आहे. या स्त्रियांनी कायदा मोडला नव्हता. फक्त वळण मोडले होते. आज त्याच वळण मोडण्याला आपण थोर कार्य म्हणतो, आणि मुलीला शाळेत न पाठवणारा बाप मान खाली घालतो.

मित्रहो, यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, गुन्ह्याची रेघ एका जागी स्थिर नसते. ती माणसे ओढतात, पुसतात आणि पुन्हा ओढतात.

१८२९ पूर्वी बंगालमध्ये विधवेला नवऱ्याच्या चितेवर जाळण्याला पुण्यकर्म मानणारे लोक होते. लॉर्ड बेंटिंकने ४ डिसेंबर १८२९ रोजी नियम केला आणि तेच पुण्यकर्म फौजदारी गुन्हा झाले. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट तर आपल्या कोकणातलीच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिणे हा त्या काळी रूढीच्या लेखी एवढा मोठा अपराध होता की त्या दिवशी लोकांना मारहाण झाली. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरले. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत रेघ पूर्ण उलटी झाली. पूर्वी पाणी पिणारा अपराधी होता, आता पाणी अडवणारा अपराधी आहे. तळे तेच आणि पाणीही तेच.

सोलापूरकडेही पाहू. १९३० साली मिठाचा सत्याग्रह चालू असताना सोलापुरात मोठे आंदोलन झाले आणि इंग्रज सरकारने तेथे लष्करी कायदा पुकारला. त्यानंतर पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. सरकारच्या दफ्तरात ते चौघे खुनी म्हणून नोंदले गेले. आज सोलापूर शहर त्यांना हुतात्मे म्हणून वंदन करते.

अगदी अलीकडचे उदाहरण द्यायचे तर आत्महत्येच्या प्रयत्नाचे देता येईल. जुन्या भारतीय दंड संहितेत जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला शिक्षा होती. आधीच खचलेल्या माणसाच्या दारात पोलीस येत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम ठेवलेलेच नाही. जो कालपर्यंत गुन्हेगार होता, त्याला आज आपण उपचाराची गरज असलेला माणूस म्हणतो.

या गोष्टीचा विचार विद्वानांनी फार पूर्वीपासून केला आहे. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, ज्यात गुन्हाच नाही असा समाज असू शकत नाही. सगळे संतच राहतात असा एखादा मठ कल्पिला, तरी तेथे क्षुल्लक चुकीलाच मोठा अपराध मानतील. गुन्ह्याला शिक्षा करताना समाज आपल्या मर्यादा पुन्हा एकदा स्वतःला सांगत असतो, असे त्याचे म्हणणे. हॉवर्ड बेकर या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ मध्ये आणखी एक पायरी दाखवली. एखादे कृत्य घडले एवढ्याने माणूस बहिष्कृत होत नाही. नियम करणारे कोणी असतात, तो नियम कोणावर तरी लावला जातो आणि मग त्या माणसाच्या कपाळी ठपका चिकटतो. एकदा ठपका चिकटला की लोक त्या माणसाकडे त्या ठपक्यातूनच पाहतात. त्याला काम मिळत नाही, चांगली संगत मिळत नाही, आणि शेवटी जे नाव दिले तेच तो होऊन बसतो.

एडविन सदरलँड या तिसऱ्या अभ्यासकाने १९३९ साली पांढरपेशा गुन्हेगारीकडे लक्ष वेधले. प्रतिष्ठित माणूस आपल्या धंद्यात जे अपराध करतो, त्यांना समाज सहसा गुन्हा म्हणतच नाही, असे त्याने दाखवले. आपल्या बाजारातच पाहा. खिशातून दहा रुपये काढणारा पकडला गेला तर लोक त्याला बडवतात. वजनात रोज मारणारा आणि मिरचीपुडीत भेसळ करणारा मात्र ‘शेठ’च राहतो. सभेत त्याला पुढची खुर्ची मिळते.

बंधु-भगिनींनो, रेघ सरकते हे आपण पाहिले; ती सगळ्यांना सारखी लागत नाही हेही पाहिले. आता त्याहून गंभीर गोष्टीकडे वळतो. कृत्याभोवती रेघ ओढणे समजण्यासारखे आहे. पण ती माणसांच्या समूहाभोवतीच ओढली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे नेहमी करतो असे प्रांतिक सरकारला वाटले, की ती सारी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे. एकदा जाहीर झाले की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याची सोय नव्हती. जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही आणि हजेरी चुकली तर शिक्षा भोगायची, असा तो प्रकार होता. कोणी स्वतः काय केले, हा प्रश्नच उरला नाही. कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे होते.

हा कायदा कसा सुचला? १८५७ च्या उठावानंतर सरकारला भटक्या लोकांची भीती वाटू लागली होती. ज्याला गाव नाही, शेत नाही, सारा भरणारे घर नाही, त्याच्यावर लक्ष कसे ठेवायचे? दुसरे असे की, इंग्रज अधिकाऱ्यांनी आपली जातिव्यवस्था पाहून एक विचित्र अनुमान काढले. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोरच व्हायचा! आणि तिसरी गोष्ट पोटाची. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला. जंगलाच्या कायद्यांनी पारध्यांचे रान गेले. सरकारी धोरणाने ज्यांची रोजी गेली, त्यांनाच सरकारने उपद्रवी ठरवले.

कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही लागू करता येऊ लागला. त्याआधी १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. चार वर्षांचे मूल! आपल्या बालवाडीतले मूल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या कलमाचा अर्थ कळेल.

मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी ‘सेटलमेंट’ उभारल्या गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. आत कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली. त्यांतली कित्येक माणसे गिरणीत कामाला जात, आणि काम सुटले की पुन्हा कुंपणाच्या आत. आजही त्या शहरात ‘सेटलमेंट’ हा शब्द वस्तीच्या नावात टिकून आहे. आपल्या भाषेत ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ अशी म्हण आहे. येथे तर एका चोरामागे अख्ख्या जमातीला कुंपण घातले गेले.

या यादीत आपल्या मुसलमान समाजातलेही लोक होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. छप्परबंद नावाची एक जमात आहे. नावावरूनच कळते की छप्पर शाकारणे हा त्यांचा मूळ धंदा. मोगल फौजा दक्षिणेत आल्या तेव्हा त्यांच्या छावण्यांना छपरे घालण्यासाठी आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. फौजा गेल्या, काम गेले. पुढे यांच्यातले काही लोक खोटी नाणी पाडतात आणि फकिराच्या वेशात हिंडतात, अशी पोलिसांची नोंद झाली. केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर पुस्तक लिहिले, त्यातही हे लोक आहेत. काहींनी खोटी नाणी पाडली असतील; त्या काहींना शिक्षा व्हायला कोणाची हरकत नव्हती. पण पाळण्यातल्या मुलाने कोणते नाणे पाडले होते?

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण हे लोक लगेच सुटले नाहीत. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने देशभर पाहणी केली आणि अखेर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपूर्ण देशातून गेला. म्हणून आजही अनेक ठिकाणी ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत, त्यांत छप्परबंदही आहेत. ‘विमुक्त’ म्हणजे सोडलेला. शब्द चांगला आहे, पण जरा विचार करा. त्या शब्दातच जुन्या बेडीची खूण आहे.

कायदा गेला तरी ठपका गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या वस्तीवर पडते, हे मी सांगायला नको. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तो शबर या विमुक्त जमातीचा होता. त्या प्रकरणी लेखिका महाश्वेता देवी यांनी आवाज उठवला तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. आपल्या मराठीत लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तकांतले जातीवर काम वाटणारे आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगारी वळणाचे समजणारे नियम घटनाबाह्य ठरवले. १९५२ ते २०२४, म्हणजे बहात्तर वर्षे! एवढा काळ तो ठपका सरकारी नियमांत दबा धरून राहिला होता.

आता शाळेकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत नोकरीला होतो. तेथे आठवीच्या एका वर्गात सहलीची वर्गणी हरवली. मी त्या वर्गाला शिकवत नव्हतो. वर्गात चाळीस-बेचाळीस मुले होती, पण बोट एकाच मुलाकडे गेले. तो गावाबाहेरच्या विमुक्तांच्या वस्तीतून येत असे. त्याचे दप्तर सर्वांसमोर उलटे केले गेले. त्यात दोन वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पैसे सापडले तिसऱ्या दिवशी, वर्गशिक्षकांच्या कपाटात, हजेरीपटाच्या कव्हरमध्ये. तोपर्यंत मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. मला बरोबर घेऊन ते वस्तीवर गेले आणि त्यांनी मुलाच्या वडिलांना घडले ते सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “सर, चोर म्हणताना अख्खा वर्ग हजर होता. चोर नाही म्हणायला तुम्ही दोघंच आलात.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर खरे काय ते सांगितले. मुलगा परत आला. पण त्याच्या बाकावर कोणी बसेना. दिवाळीनंतर आईबाप कामासाठी बाहेरगावी निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला. शाळा सोडल्याचा दाखला न्यायलाही कोणी आले नाही.

मित्रहो, त्या मुलाच्या आजोबांना पोलीस पाटलापुढे हजेरी द्यावी लागली असेल. नातवाच्या वाट्याला शाळेची हजेरी आली होती. एक हजेरी संशयाची आणि दुसरी हक्काची. आपण त्याच्या हक्काच्या हजेरीची पुन्हा संशयाची हजेरी करून टाकली.

येथे कोणी विचारील, मग गुरुजी, गुन्हा असे काही नसतेच काय? सगळे मानण्यावरच आहे काय? नाही, माझे म्हणणे तसे मुळीच नाही. ज्याच्या घरी चोरी होते त्याचे नुकसान खरे असते. ज्या मुलीची छेड काढली जाते तिचे दुःख खरे असते. नियमावाचून घर चालत नाही, शाळा चालत नाही, मग समाज कसा चालेल? प्रश्न एवढाच आहे की, न्यायाची रेघ कोणती आणि नुसत्या रागाची किंवा भीतीची रेघ कोणती, हे ओळखायचे कसे? मला चार प्रश्न उपयोगी वाटतात.

पहिला, या कृत्याने कोणाचे खरोखर नुकसान झाले आहे काय, की केवळ आपल्या सवयीला धक्का बसला आहे? मुलीने सायकलवरून शाळेत जाण्याने कोणाचे नुकसान होते? दुसरा, आपण कृत्याविषयी बोलत आहोत की माणसाच्या जन्माविषयी, नावाविषयी, वस्तीविषयी? तिसरा, हाच नियम आपण श्रीमंतालाही लावतो काय, आपल्या स्वतःच्या मुलाला लावतो काय? आणि चौथा, ज्याची चूक झाली त्याला शिक्षा भोगल्यावर परत येण्याची वाट आपण ठेवली आहे काय? या चारांपैकी एका प्रश्नावर जरी आपण अडखळलो, तरी निवाडा देण्यापूर्वी थांबावे.

वाळीत टाकण्याच्या बाबतीतही असेच आहे. जमातीचे आणि जातीचे पंच एखाद्या कुटुंबाला बाहेर काढतात तेव्हा बहुधा त्या कुटुंबाने कोणाचे नुकसान केलेले नसते. त्याने पंचांचे ऐकलेले नसते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि आता वाळीत टाकणे हाच गुन्हा आहे. शिक्षा देणारेच शिक्षेस पात्र ठरले, हेही रेघ उलटण्याचेच उदाहरण.

पालक बंधु-भगिनींनो, शेवटी आपल्याशी थोडे मोकळेपणाने बोलतो. नुसते नाव ऐकून समोरच्याची नजर बदलते म्हणजे काय, हे या सभागृहातल्या पुष्कळांना अनुभवाने माहीत आहे. भाड्याने खोली शोधताना कोणाला आले असेल, नोकरीच्या मुलाखतीत कोणाला आले असेल. एकाने काही केले आणि जाब मात्र सगळ्यांना विचारला गेला, की मनाला किती लागते हे आपण जाणतो. म्हणून तर दुसऱ्याच्या बाबतीत तसे न करण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. आपल्याच मोहल्ल्यात अमुक गल्लीची मुले वाईट, तमक्या बिरादरीची मुले उनाड, असे आपण सहज बोलून जातो. मुले ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आणतात. “त्याच्याशेजारी बसू नकोस” हे वाक्य आपण घरात एकदा म्हणतो. त्या दुसऱ्या मुलाला ते वर्षभर भोगावे लागते.

आपल्या मुलाची चूक झाली तर ती झाकू नका. त्याला सांगा, “हे तू केलेस ते वाईट आहे.” “तू वाईट आहेस” असे सांगू नका. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यानंतर मूल सुधारू शकते. दुसऱ्या वाक्यानंतर सुधारायला जागाच उरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून उद्या कोणी पोलीस अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. माणसांविषयी निवाडा देण्याचे प्रसंग तुमच्यावर येतीलच, आणि वर्गात तर ते रोज येतात. वस्तू हरवली तर आधी नीट शोधा. पुरावा मिळेपर्यंत कोणाचे नाव घेऊ नका. नाव चुकून घेतले गेले असेल, तर जितक्या लोकांसमोर घेतले तितक्याच लोकांसमोर मागे घ्या. आणि ज्या मुलाच्या बाकावर कोणी बसत नाही, त्याच्या बाकावर तुम्ही जाऊन बसा. त्याला कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते, कारण वळण मोडल्याबद्दल तुम्हालाही चार टोमणे ऐकावे लागतील. ते ऐकण्याची तयारी ठेवा.